घरातली मराठी बंद करा म्हणणाऱ्यांना

इंदूरच्या मराठी घरांत एक सल्ला गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून आईवडील त्याला डॉक्टरांकडे किंवा थेरपिस्टकडे नेतात. तपासणी होते, थोडे प्रश्न विचारले जातात आणि फायलीत काही लिहायच्या आधीच तोंडी सांगितलं जातं, ‘घर में मराठी बंद कीजिए, बच्चा कन्फ्यूज हो रहा है.’ एकच भाषा ठेवा. हिंदी ठेवा, आणि शाळा इंग्रजी असेल तर सरळ इंग्रजीच ठेवा. सांगणारा बहुधा भला माणूस असतो, त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सल्ला मात्र चूक आहे, आणि ज्या तपासणीतून तो निघतो तिच्यातही खोट आहे.

आधी समोरच्यांचं म्हणणं नीट मांडतो. ज्या मुलाला एक भाषा जड जाते आहे त्याच्यावर दोन-तीन भाषांचं ओझं कशाला? आई मराठीत बोलते, कामवाल्या बाई आणि शेजारी हिंदीत, आजोबा मधूनच ‘ॲपल’ नि ‘बॉल’ शिकवतात, टीव्हीवर आणखी निराळंच. मुलानं यातला धागा धरायचा कुठला? शिवाय थेरपी मिळणार हिंदीत, शाळा चालणार हिंदी-इंग्रजीत. मग मराठीचा उपयोग काय? ऐकायला हे इतकं रास्त वाटतं की घरातलं कुणी उलटून विचारत नाही. दुसऱ्या दिवसापासून ‘बाळा’चा ‘बेटा’ होतो.

हा समज इंदूरचा नाही आणि नवाही नाही. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या सुमारे चौदाशे मुलांच्या बुद्धिमापनाचे निष्कर्ष छापले. खेड्यातली वेल्श आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकभाषक मुलांपेक्षा मागे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच अभ्यासात शहरातल्या मुलांत तसा फरक दिसला नव्हता, पण तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. दोन भाषांनी डोकं गोंधळतं हे वाक्य मात्र पुढची चाळीस वर्षं शाळांतून, दवाखान्यांतून ऐकू येत राहिलं. १९६२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी घरची आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी असलेली दहा वर्षांची मुलं निवडून तुलना केली. दोन भाषा बोलणारी मुलं मागे तर नव्हतीच, काही कसोट्यांवर ती पुढे निघाली. आधीच्या अभ्यासांत गरिबी, शाळा आणि चाचणीची भाषा यांचं खापर द्विभाषिकतेवर फुटलं होतं.

शब्दांचंही असंच झालं. दोन भाषांत वाढणारं मूल पहिला शब्द इतर मुलांच्याच सुमाराला, म्हणजे वर्षाच्या आसपास काढतं. मात्र त्याचा शब्दसाठा दोन खिशांत विभागलेला असतो आणि तपासणारा एकाच खिशात हात घालतो. १९९३ साली बार्बरा पीअरसन आणि सहकाऱ्यांनी मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी घरांतल्या बाळांचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले, तेव्हा एकभाषक बाळांच्या तुलनेत तूट दिसली नाही. इंदूरला आणून बोलायचं तर, ‘मांजर’ आणि ‘पोळी’ मराठीत, ‘गाडी’ दोन्हीकडे, ‘कुत्ता’ नि ‘चिड़िया’ हिंदीत म्हणणाऱ्या मुलाचे शब्द पाच आहेत. हिंदी यादीवर खुणा करणाऱ्याला ते तीनच दिसतात.

यावर लगेच उत्तर येतं की ही सगळी निरोगी मुलं झाली, ज्याच्या विकासातच अडथळा आहे त्याचं काय? तेही तपासलं गेलंय. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास छापला. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचं इंग्रजी त्याच पातळीच्या एकभाषक मुलांपेक्षा कमी भरलं नाही. २०१२ मध्ये कॅथरीन हँबली आणि एरिक फोंबोन यांनी ऑटिझम असलेल्या मुलांबद्दल हेच सांगितलं: घरात दोन भाषा असल्यामुळे भाषेचा उशीर वाढलेला आढळला नाही. हे अभ्यास आकारानं फार मोठे नाहीत, हे खरं. पण मराठी बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं एवढंही उभं नाही. पुरावा मागायचाच तर घर बदलायला सांगणाऱ्याकडे आधी मागावा.

आता हीच चूक उलट्या तोंडानं कशी बोलते ते बघा. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात एखाद्या घरी मूल बोलत नसलं तर आजी म्हणते, ‘घरात तीन-तीन भाषा, म्हणून उशीर. बोलेल की. याचा बाप चार वर्षांचा होईस्तोवर कुठे बोलत होता!’ डॉक्टर भाषेला दोष देऊन मराठी काढून टाकतात, आजी भाषेला दोष देऊन तपासणी पुढे ढकलते. पाया एकच. पण दोन भाषांमुळे असा उशीर होतच नसेल, तर उशिराचं कारण दुसरीकडे आहे आणि ते शोधायला हवं. म्हणून हा लेख आजीलाही उद्देशून आहे, डॉक्टरांवर तोंडसुख घेऊन तिला मोकळं सोडायचं नाही. मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात ही गोष्ट खरी, पण तो फरक वर्षांचा नसतो. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपसूक बरोबरीला येतात हेही खरं. अडचण अशी की आपलं मूल त्यातलं आहे की नाही, हे नुसतं वाट बघून कळत नाही.

आणि ज्या खुणांवरून कळतं त्यातल्या महत्त्वाच्या खुणांना भाषाच लागत नाही. वर्षाचं मूल बडबडतं का, बोट दाखवतं का, ‘टाटा’ करतं का? आपण पंख्याकडे बोट दाखवलं तर ते बोटाकडे बघतं की पंख्याकडे? गच्चीवर माकड दिसलं की ते आधी माकडाकडे आणि मग ‘तूही पाहिलंस ना’ अशा नजरेनं आईकडे बघतं का? हाक मारली की वळतं का? खोटा खोटा चहा करून पाजतं का? बोट दाखवण्याला मराठी नसते, हिंदी नसते. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गेले, तर थांबायचं नाही, मग घरात एक भाषा असो की चार. आणि सगळ्यात आधी कान. आईबाप ज्याला ‘बेरा टेस्ट’ म्हणतात ती तपासणी झोपलेल्या मुलावरही होते. मूल कुठल्या भाषेनं गोंधळलं यावर पंधरा मिनिटं प्रवचन ऐकून आलेल्या कुटुंबाला कानाच्या तपासणीची चिठ्ठीच मिळालेली नसते, हे मी पाहिलं आहे.

भाषेची पाळी येते ती यानंतर, आणि तिथं कसं बिघडतं ते जवळून दाखवतो. एका खासगी दवाखान्यात अडीच वर्षांच्या मुलीची तपासणी चालली होती. तपासणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, घाईत नव्हत्या. ‘आँख दिखाओ.’ मुलगी गप्प. ‘बाल कहाँ हैं?’ गप्प. ‘नाक?’ तिनं नाकाला बोट लावलं. ‘कान?’ कान पकडला. ‘पैर?’ पुन्हा गप्प. कागदावर पाचातले दोन लिहिले गेले. आईला राहवलं नाही. तिनं विचारलं, ‘डोळे कुठेत गं?’ मुलीनं पापणीवर बोट टेकवलं. ‘केस?’ शेंडी ओढून दाखवली. ‘पाय?’ पाय वर केला. जे शब्द दोन्ही भाषांत सारखे तेवढेच हिंदीत जमले होते, बाकीचे अडले होते. उत्तर त्या कागदावरच होतं, वाचायला मराठी येणारं माणूस हवं होतं. बाई हसून म्हणाल्या, ‘माँ ने हेल्प की है, ये काउंट नहीं होगा.’

त्या मुलीचं बोलणं मागे नव्हतं असं मी म्हणत नाही. ते मागे होतंच, दोन्ही भाषांत मिळून बोटांवर मोजण्याइतके शब्द ती बोलत होती. पण तिची समज मागे नव्हती, आणि या दोन गोष्टींत निदानाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजतं पण बोलत नाही, ही एक वाट. समजतही नाही आणि बोलतही नाही, ही दुसरी वाट, आणि तिच्यावर पुढे बौद्धिक अक्षमतेची शंका उभी राहते. चुकीच्या भाषेत विचारलेल्या तीन प्रश्नांनी मूल पहिल्या वाटेवरून दुसऱ्या वाटेवर ढकललं जातं.

असंच दुसरं उदाहरण. आई-आजीच्या संगतीत वाढलेला मराठी मुलगा दोन-तीन वर्षांचा असताना सर्रास ‘मी जाते’, ‘मी आले’ म्हणतो. घरात हसू होतं, काही महिन्यांत ते सुटतं. ज्याला मराठी माहीत आहे तो याची नोंदही करणार नाही. ज्याला माहीत नाही त्याला हे बोलणं विचित्र वाटू शकतं. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ‘इसा’ ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, सत्तरच्या खाली ऑटिझम नाही. चाळीसपैकी नऊ बाबी बोलणं आणि संवाद यांच्याच आहेत. विचारलेलाच प्रश्न परत म्हणणं, सर्वनामांची उलटापालट, बोलण्याचा रोख न कळणं, हे सगळं भाषा जाणणाऱ्या कानांनीच टिपायचं असतं. नऊ बाबींवर एकेक गुण इकडेतिकडे झाला तर सीमेवरचं मूल या पारड्यातून त्या पारड्यात जातं.

मला सगळ्यात नवल याचं वाटतं की ज्या साधनांवर ही तपासणी चालते ती साधनं आपल्या मातीत आणण्यासाठी लोकांनी आयुष्यं घातली, आणि नेमका तोच धडा आपण शेवटच्या पायरीवर विसरतो. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडकडे बिने बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप घडवलं ते कानडी आणि मराठी मुलांवर. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं आणि बिने-कामत चाचणी देशभर, हिंदी मुलखातही, वापरात राहिली. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात महिन्या-महिन्याच्या बाळांचं निरीक्षण करून १९७० मध्ये बडोद्याचे मानदंड प्रसिद्ध केले. त्यातून पुढे ‘दासी’ ही मापनश्रेणी झाली, जिच्यात ६७ बाबी हालचालींच्या आणि १६३ बाबी मानसिक विकासाच्या आहेत. अमेरिकन बाळ जे अमुक महिन्यात करतं तेच बडोद्याच्या बाळानं त्याच महिन्यात करावं असं गृहीत धरायला त्यांनी नकार दिला. नागपुरात फादर मालिन यांनी एडगर डॉल यांची १९३५ ची व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी भारतीय मुलांसाठी बसवली. धारवाड, बडोदा, नागपूर. यातल्या कुणीही मुलाच्या घराला चाचणीप्रमाणे बदलायला सांगितलं नाही. त्यांनी चाचणी बदलली.

मालिन यांच्या श्रेणीचं उदाहरण पुढे नेतो, कारण तिथं प्रश्न थेट हक्कांचा होतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती अधिकार कायद्यात ४० टक्क्यांची रेषा आहे, तेवढी किंवा त्याहून जास्त अक्षमता असेल त्याला बहुतेक सवलती मिळतात. बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी ठरवायला २०१८ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी हीच व्हाइनलँड श्रेणी धरली. तीवर ५५ ते ६९ गुणांक आला तर ५० टक्के, ७० ते ८४ आला तर २५ टक्के. म्हणजे ६८ आणि ७२ यांच्यामध्ये कायद्याची रेषा जाते. आणि हा गुणांक येतो कशातून? मूल स्वतः काय काय करतं, हे आईला विचारून. जेवतं का, कपडे काढतं का, निरोप सांगतं का, सांगितलेलं काम करतं का. आईला प्रश्न नीट कळला नाही, किंवा ‘कहना मानता है?’ याचा अर्थ तिनं शहाणासुरता आहे का असा घेतला, तर आकडा हलतो. पाच वर्षांखालच्या मुलाला त्याच सूचनांप्रमाणे बौद्धिक अक्षमतेऐवजी ‘सार्वत्रिक विकासविलंब’ असं निदान लिहायचं असतं. एवढ्या लहान वयात पक्कं बोलू नये, ही सावधगिरी नियम करणाऱ्यांनी दाखवली. दवाखान्यात ती दिसायला हवी.

हे सगळं फक्त मराठीसाठी आहे, असं वाटत असेल तर इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ काढा. धार, झाबुआ, अलीराजपूरकडून आलेल्या बायका भिली बोलतात, खरगोनकडच्या निमाडी. डॉक्टरांच्या हिंदीला त्या मान डोलावतात, आणि त्या डोलावण्याचा अर्थ ‘हो’ धरला जातो. इंदूरच्या मराठी माणसाला हिंदी अस्खलित येतं, तो वाद घालू शकतो, लेखही लिहू शकतो. झाबुआची आई काय करणार? म्हणून मराठी अस्मितेचा झेंडा घेऊन या वादात उतरणाऱ्यांपासून मी चार पावलं लांब उभा आहे. ज्या मराठी घरात दोन पिढ्या हिंदीच बोलली जाते त्यांनी मुलाच्या उपचारासाठी म्हणून मराठी सुरू करावी, असं मी कधी म्हणणार नाही. त्या मुलाची भाषा हिंदी आहे, त्याला हिंदीतच तपासा.

प्रश्न थोड्याथोडक्या मुलांचाही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इनक्लेन संस्थेच्या पाहणीत पाच ठिकाणची ३,९६४ मुलं तपासली गेली: पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा. दृष्टी-श्रवणदोष आणि अपस्मारापासून ऑटिझमपर्यंतचे मज्जाविकासाचे विकार धरले तर दोन ते सहा वर्षांच्या मुलांत प्रमाण ९.२ टक्के निघालं, सहा ते नऊ वर्षांत १३.६ टक्के. हरियाणवी, पहाडी, ओडिया, तेलुगू, कोंकणी. एवढ्या निरनिराळ्या घरांत जाऊन निदान करायचं तर एका भाषेतल्या एका यादीनं भागत नाही, हे त्या पाहणीच्या भूगोलावरूनच कळतं.

आता मराठी बंद केल्यावर घरात काय होतं ते पाहा, कारण सल्ला देणारे ते पाहायला येत नाहीत. इंदूरच्या मराठी आजीचं हिंदी उत्तम असतं. भाजीवाल्याशी ती हिंदीत असा भाव करते की तोच दमतो. पण नातवाशी हिंदीत बोलायचं ठरलं की तिच्या वाक्यांची लांबी घटते. ‘आओ. बैठो. खाओ. नहीं बेटा.’ सगळे हुकूम. भिंतीवरच्या पालीशी भांडण, वरण-भाताच्या चिऊ-काऊच्या गोष्टी, न्हाऊ घालतानाची अखंड बडबड, आजोबांच्या तक्रारी बाळाकडे करणं, हे सगळं बंद पडतं, कारण ते तिला मराठीतच सुचतं. ज्या मुलाला जास्तीत जास्त बोलणं ऐकायला हवं, त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूस आपण औषध म्हणून मुकं करतो. मोठी माणसं आपापसांत मराठीच बोलत राहतात, त्यामुळे जेवणाच्या ताटाभोवती मूल एकटंच हिंदीत उरतं. याला एकभाषक वातावरण म्हणायचं असेल तर म्हणा.

थेरपी हिंदीतच मिळते, हा मात्र खरा अडसर आहे, तो मी उडवून लावत नाही. मराठी येणारा वाचा-उपचारतज्ज्ञ प्रत्येक घराला कुठून मिळणार? पण थेरपी हिंदीत होण्यासाठी घर हिंदी व्हायला लागत नाही. आठवड्यातून दोनदा पाऊण तास तिथं हिंदी चालू दे. तिथं शिकवलेलं मागणं, नकार देणं, बोट दाखवून निवडणं हे घरी मराठीत करवून घेता येतं, कारण शिकवायचं असतं ते मागणं. चित्रं, खुणा, हावभाव हे कुठल्याही भाषेचे चाकर नाहीत. मुंबईतल्या उमीद या संस्थेनं ज्या पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भाग घेतला, ती मुळात पालकाला मोकळे प्रश्न विचारण्यावर उभी आहे: तुमचं मूल काय काय सांगतं, कसं सांगतं, काय समजतं? याला दुभाषा बाहेरून आणावा लागत नाही. तो मांडीवर मूल घेऊन समोरच बसलेला असतो, फक्त त्याच्या तोंडून आलेलं ‘काउंट’ व्हायला हवं.

राहिला वेळेचा मुद्दा. ओपीडीत रांग असते, एकेका मुलाला मिनिटं मोजून मिळतात, हे सगळं कोण करत बसणार, असं मला एका बालरोगतज्ज्ञांनी जरा चिडूनच विचारलं. उत्तर असं की रांगेत बसलेल्या आईकडे तासभर असतो. एक कोरा कागद द्या आणि सांगा, मूल म्हणतं ते सगळे शब्द लिहा, मराठी-हिंदी-इंग्रजी, बोबडे, अर्धे, फक्त घरच्यांना कळणारे, सगळे. त्याच्याखाली लिहा, न बोलता ते कशाकशाकडे बोट दाखवतं. डॉक्टरांना तो कागद वाचायला दोन मिनिटं लागतील. ‘मराठी बंद करा’ हे समजावून सांगायला याहून जास्त लागतात.